मदेराची सुट्टी: घर आणि गाडी पक्की करा, दिवस मोकळे ठेवा

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आम्ही एप्रिलमध्ये जाऊन आलो. मी, नवरा आणि भारतातून आलेले आई-बाबा. पॅकेज घेतलं नाही, सगळं स्वतः बुक केलं. आल्यापासून बरेच जण विचारतायत की कुठे राहिलात, गाडी घेतली का, वयस्कर माणसांना जमतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. बेटाला माझ्याकडून पाचात पाच, त्यात काही वादच नाही. पण प्लॅनिंग जर ‘सोमवारी हे, मंगळवारी ते’ असं घट्ट बांधून केलं तर याच बेटावर चारही दिवस ढगात बसून परत आलेले लोकही आम्हाला भेटले, आणि त्यांचं ऐकून वाईट वाटत होतं कारण त्याच दिवशी वीस मिनिटांवर लख्ख ऊन होतं.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या, बाकीचं सगळं प्लॅनिंग त्यावरच आहे. बेट केवढंसं, साधारण 57 किलोमीटर लांब आणि 22 किलोमीटर रुंद, पण मधोमध डोंगर थेट 1,862 मीटरपर्यंत चढलाय (पिको रुईवो), म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशे मीटर जास्तच, आणि तेही समुद्राला लागून. ईशान्येकडून येणारे वारे उत्तरेच्या बाजूला आपटतात, ढग वर चढतात, तिकडे पाऊस पडतो, आणि दक्षिणेची बाजू कोरडी राहते. आपल्याकडे घाटमाथा भिजतो आणि पलीकडचा देश कोरडा राहतो ना, अगदी तोच प्रकार, फक्त इथे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला बोगद्यातून अर्ध्या तासात पोचता. त्यामुळे ‘मदेराचं हवामान’ असं मोबाईलवर बघून काही उपयोग नाही. फुंशालला (ही राजधानी, दक्षिणेला) 21 डिग्री आणि ऊन, त्याच वेळी उत्तरेला झिमझिम, आणि वरती डोंगरावर एकतर दाट धुकं नाहीतर चक्क ढगांच्या वर निळं आकाश.

म्हणून आमचा नियम असा होता की रात्री काही ठरवायचं नाही, सकाळी चहा घेताना वेबकॅम बघायचे. बेटावर ठिकठिकाणी लाइव्ह कॅमेरे लावलेत, अरिएरो शिखरावर, फुंशालला, पश्चिमेच्या किनाऱ्यावर, सगळं फुकट बघता येतं. शिखर मोकळं दिसलं की डोंगर, शिखर ढगात आणि खाली ऊन असेल तर किनारा, आणि सगळीकडेच ढग असतील तर फानालचं जंगल. फानालला ‘तिल’ जातीची शेकडो वर्षं जुनी वाकडीतिकडी झाडं आहेत, शेवाळाने मढलेली, आणि ती धुक्यातच बघायची. ऊन असेल तर निम्मी मजा जाते. म्हणजे खराब हवेचा दिवसही वाया जात नाही, फक्त यादी हातात पाहिजे आणि कुठलीही गोष्ट कुठल्याही दिवशी करायची तयारी पाहिजे.

आता राहायचं कुठे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दक्षिण किनाराच धरावा, फुंशाल नाहीतर पश्चिमेला पोंता दो सोल, कालहेता वगैरे. आम्ही आधी डोंगरउतारावरचं एक अपार्टमेंट घेतलं होतं, फोटो सुंदर, गॅलरीतून समुद्र, रेटिंग मस्त. जाहिरातीत लिहिलं होतं की पार्किंग जवळ आहे. पार्किंग जवळच होतं, पण वरच्या रस्त्यावर, आणि तिथून घरापर्यंत नुसत्या पायऱ्या, उंच उंच, कठडा अर्ध्यातच संपलेला. आईचे गुडघे आधीच दुखरे, ती एकदा खाली उतरली की परत वर चढायला नको म्हणायची. मालकाला मेसेज केला तर उत्तर आलं की ‘मदेरात सगळीकडेच पायऱ्या असतात.’ ते खरंय, पण मग जाहिरातीत लिहा ना. तिथे आम्ही थोडेच दिवस राहिलो आणि मग फुंशालच्या लिदो भागात हलवलं. तिथे लिफ्ट होती, खाली सुपरमार्केट, समोर बसस्टॉप, आणि मुख्य म्हणजे समुद्राकाठून बऱ्यापैकी सपाट फिरायचा रस्ता आहे जो पश्चिमेला प्राया फोर्मोझाच्या दिशेने जातो. आई-बाबा रोज संध्याकाळी तिथे चालायचे. दिसायला हा हॉटेलांचा भाग जरा नीरस आहे, मान्य, जुन्या गावातल्या गल्ल्या आणि रंगवलेले दरवाजे जास्त छान, पण ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर माझं मत लिदोलाच.

बुक करताना मालकाला दोनच प्रश्न विचारा: गाडीपासून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि घर समुद्रापासून किती मीटर उंचीवर. दुसरा प्रश्न विचित्र वाटेल पण पाचशे मीटरच्या वर राहिलात तर ढग घरातच येतात, आणि हीटिंग बहुतेक घरांत नसतं, मग एप्रिलमध्येही रात्री कुडकुडायला होतं.

गाडी घ्यावी का, तर हो, घ्या. बस आहेत आणि चांगल्या आहेत, फुंशाल शहरातल्या पिवळ्या बस तर आम्ही खूप वापरल्या, पण लांबच्या बसची वेळापत्रकं गावकऱ्यांच्या सोयीची आहेत, सूर्योदयाला शिखरावर त्या तुम्हाला पोचवणार नाहीत. गाडी घेताना सगळ्यात स्वस्त मॉडेल घेऊ नका. मुख्य रस्ता, व्हिया रापिदा म्हणतात त्याला, रिबेइरा ब्रावापासून कानिसालपर्यंत एकदम गुळगुळीत आणि बोगद्याबोगद्यांतून जाणारा. पण त्यावरून खाली उतरलात की असे चढ लागतात की पुढचा रस्ता दिसतच नाही, फक्त बॉनेट आणि आकाश. लिटरभराचं इंजिन, चार माणसं आणि चढावर मधोमध थांबा, म्हणजे कळेल. ऑटोमॅटिक मिळत असेल तर वरचे पैसे डोळे झाकून द्या. काउंटरवर जादा इन्शुरन्स गळ्यात मारायचा बराच प्रयत्न झाला आमच्यावर, आणि क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवली ती सुटायला फार दिवस लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण तुम्ही कुठूनही घ्या, डिपॉझिट किती आणि एक्सेस (गाडीचं नुकसान झालं तर आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती ते बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या आणि गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. भारतातून येणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. गाडी उजवीकडून चालवायची आहे हेही लक्षात असू द्या, अरुंद गल्लीत समोरून बस आली की सवय नसलेल्याला धडकी भरते.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितेय ते, लेवाडा.

लेवाडा म्हणजे पाट. पाण्याचे पाट, डोंगराच्या कुशीतून आडवे काढलेले. उत्तरेला पाणी भरपूर, दक्षिणेला ऊन आणि शेती, मग पंधराव्या शतकापासून लोकांनी कडे फोडून, बोगदे खोदून ते पाणी इकडे आणलं, आधी उसासाठी, मग द्राक्षं, केळी, सगळ्यासाठी. 1940 च्या दशकापासून सरकारने मोठे पाट बांधले, त्यात तेच पाणी आधी वीज बनवतं आणि मग खाली शेताला जातं. या पाटांची देखभाल करायला बाजूने जी पाऊलवाट ठेवली तीच आज ट्रेकिंगची वाट झालीय. पाट म्हटल्यावर उतार अगदी हलका, त्यामुळे एवढ्या भीषण डोंगरात तुम्ही जवळजवळ सपाटीवर चालत असता. हे मला जगात दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही.

आम्ही एक दिवस गाईड घेऊन काल्देइराँव व्हेर्दची वाट केली (बाबा, नवरा आणि मी, आई नव्हती). केइमादासहून सुरू होते, एका बाजूला साधारण साडेसहा किलोमीटर, आणि त्याच वाटेने परत. गाईडची सर्व्हिस मला फार आवडली. हॉटेलवरून व्हॅनने नेलं, सगळ्यांचे बूट तपासले, एका बाईंचे गुळगुळीत तळव्याचे होते तर त्यांना स्पष्ट सांगितलं की यावर येता येणार नाही, आणि जादा हेडटॉर्च त्याने स्वतः आणले होते. टॉर्च लागतोच, मोबाईलचा चालत नाही, कारण वाटेत बोगदे आहेत आणि त्यात एक हात डोक्याच्या वर ठेवावा लागतो, दगड इतके खाली आलेत. पायाखाली डबकी, एका बाजूला कंबरेखाली पाट वाहतोय, पाण्याला आवाज जवळजवळ नाही, फक्त छतावरून थेंब पडतात ते ऐकू येतात. बोगद्यातून बाहेर आलं की डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला काहीच नाही, सरळ दरी, तारेचा कठडा आहे पण वाट काही ठिकाणी एकाच माणसापुरती. समोरून परतणारे लोक आले की कोणीतरी पाटाच्या काठावर चढून उभं राहायचं. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी ही वाट करू नये, हे अगदी मनापासून सांगते. शेवटी हिरव्या कुंडात पडणारा जवळजवळ शंभर मीटरचा धबधबा. सगळी वाट लॉरिसिल्वा जंगलातून जाते, हे 1999 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, लॉरेलच्या कुळातली सदाहरित झाडं, कधीकाळी दक्षिण युरोपात सगळीकडे असलेलं जंगल जे आता अशा बेटांवरच उरलंय.

वाटेत एका बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती, पाटात आडवी, आणि एक काका दाताळ्याने तिच्यावर अडकलेला पाला ओढून काढत होते. गाईड म्हणाला हे लेवादेइरो, पाटाची देखभाल यांच्याकडे, आणि शेतकऱ्यांना ठरलेल्या वेळी, ठरलेले तास पाणी सोडणं पण. बाबा रावेरचे, अख्खं आयुष्य केळीत गेलेलं, ते लगेच म्हणाले, ‘अगं मग हा पाटकरी झाला.’ आणि तिथेच थांबले. पाळी किती दिवसांनी येते, रात्रीची पाळी आली तर कोण उठतं, वरच्याने जास्त घेतलं तर भांडण कुठे मिटवतात, हे सगळे प्रश्न मला इंग्रजीतून गाईडला विचारायला लावले, गाईडने पोर्तुगीजमधून काकांना. काकांनी हातातलं काम सोडून हसत हसत उत्तरं दिली, रात्रीच्या पाळीवर तर दोघांचं चांगलंच एकमत झालं. आमच्या ग्रुपमधले बाकीचे पुढे निघून गेले होते, गाईडने आम्हाला एका शब्दानेही घाई केली नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्या सर्व्हिसला पूर्ण मार्क देते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दक्षिणेच्या केळीच्या बागा बघायच्या म्हणून हट्टच धरला. उतारावर दगडी बांध घालून काढलेल्या छोट्या छोट्या पट्ट्या, त्यात केळी, ट्रॅक्टर जाणं शक्यच नाही, घड खांद्यावरून वर आणायचे. केळं आपल्या बसराईसारखं, आखूड आणि गोड. रावेरच्या शेतकऱ्याला तिथे दोन तास कसे गेले कळलं नाही. तुमच्या घरात कोणी शेतीतलं असेल तर त्यांच्यासाठी एक सकाळ अशीच मोकळी ठेवा, कुठल्याही व्ह्यू पॉइंटपेक्षा त्यांना हे आवडेल.

आईसाठी आम्ही बाल्कोइशची वाट केली, रिबेइरो फ्रिओहून दीड किलोमीटर, रुंद आणि सपाट, पाटाच्या कडेकडेने, आणि शेवटी सज्जासारख्या जागेवरून समोर सगळी शिखरं. तिथे छोटे पक्षी हातावर येऊन बसतात, ती खूश. पंचवीस झऱ्यांची वाट (25 फोंतेस) प्रसिद्ध आहे, पण गर्दी फार, अरुंद वाटेवर ट्रॅफिक जॅम होतो, अगदी सकाळी जाणार असाल तरच जा.

सरकारी नंबर असलेल्या वाटांना, म्हणजे पीआर लिहिलेल्या, बाहेरच्या पाहुण्यांना आता फी आहे, ती सरकारच्या सिम्प्लिफिका पोर्टलवर ऑनलाइन भरायची. तिथेच कुठली वाट उघडी कुठली बंद ते आधी बघून घ्या, कारण दरड पडली की वाट बंद होते आणि बंद म्हणजे बंद, साखळी ओलांडून जाऊ नका. अरिएरो ते रुईवो ही दोन शिखरं जोडणारी सगळ्यात गाजलेली वाट 2024 च्या ऑगस्टमधल्या वणव्यानंतर बराच काळ बंद होती. नुसतं पिको रुईवो गाठायचं असेल तर अशादा दो तेइशेइराकडून सोपी, फरसबंद वाट आहे, तीन किलोमीटरच्या आतली. अरिएरोला (1,818 मीटर) गाडी थेट वर जाते, आई पण आली, सूर्योदय बघितला, खाली ढगांचा नुसता समुद्र आणि त्यातून काळे सुळके वर आलेले. फुंशालला टी-शर्टमध्ये फिरत असलात तरी इथे पहाटे जाड जाकीट, कानटोपी पाहिजेच, वारा अंग कापतो. पार्किंग लवकर भरतं.

जेवणाचं. शाकाहारी माणसाचं इथे निभतं पण आधी थोडी माहिती लागते. बोलो दो काको ही रताळं घातलेली गोल जाड भाकरीसारखी पोळी, गरम तव्यावर भाजलेली, मधून कापून लसणाचं लोणी, ही आईला इतकी आवडली की रोज झाली. मिल्यो फ्रितो म्हणजे मक्याच्या पिठाचे तळलेले चौकोनी तुकडे, कोथिंबीरवडीसारखे शिजवून थापून मग तळलेले, फक्त तेलात तळलेत की चरबीत ते विचारा. टोमॅटो-कांद्याचं सूप चांगलं असतं, त्यात अंडं सोडतात, नको असेल तर आधीच सांगायचं. नवरा अलिबागचा, त्याचं सगळं लक्ष माशांवर. एस्पादा नावाचा काळा, लांब, भयंकर दातांचा मासा इथे खोल समुद्रातून, हजार मीटरच्या आसपासून लांब दोरीच्या गळाने काढतात, कामारा दे लोबोसचे कोळी पिढ्यानपिढ्या हेच करतात. तो तळलेल्या केळ्याबरोबर देतात. नवऱ्याचं म्हणणं, मासा मऊ, लुसलुशीत, काटा कमी, पण मसाला नाही म्हणून केळं गोडच लागतं, त्यापेक्षा लसूण-लोण्यातल्या लापास (खडकावरच्या शिंपल्या) दहापट सरस. मला मासा केळ्यासकट आवडला.

फळांत आनोना नक्की खा, आपल्या सीताफळाच्याच कुळातलं, सालीला डोळे कमी, गर घट्ट आणि बिया थोड्या. फुंशालच्या शेतकरी बाजारात (मेर्कादो दोस लाव्रादोरेस, 1940 ची देखणी इमारत, निळ्या टाइल्स) फळांच्या स्टॉलवर कापून चव देतात, तिथे घेण्याआधी भाव किलोचा विचारा आणि वजन होताना बघा, काही फळं खूप महाग असतात. त्याच फळांना साध्या सुपरमार्केटात निम्म्याहून कमी पडले आम्हाला.

आणि एप्रिलमध्ये गेलात तर पोर्तो दा क्रूझचा उसाचा कारखाना चुकवू नका. 1927 चा, अजून वाफेच्या इंजिनवर चालतो, गाळप वसंतातच असतं. चरकाचा वास आला तसं आई-बाबा दोघंही एकदम गप्प होऊन बघत राहिले आणि मग एकदम बोलायला लागले. तिथे उसाच्या रसापासून दारू करतात, तीच मध आणि लिंबू घालून पोंचा नावाने सगळीकडे मिळते. मस्त लागते पण चढते जोरात, गाडी चालवणाऱ्याने हातही लावू नये. इथला प्रसिद्ध बोलो दे मेल हा काळा केक काकवी घालून करतात, महिनोन्महिने टिकतो, भेट द्यायला तोच आणा, हाताने तोडून खायचा असतो.

बाकीचं पटकन. फुंशाल ते मोंतेची केबल कार छान, घरांच्या कौलांवरून जाते. मोंतेहून खाली वेताच्या टोपलीगाडीतून घसरत येतात, पांढऱ्या कपड्यातले दोन जण दोरीने ताबा ठेवतात आणि बुटांच्या रबरी तळव्यांनी ब्रेक लावतात, एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, महाग वाटली पण बाबांनी परत जाऊया म्हटलं. काबो जिराँवचा काचेचा सज्जा 580 मीटरच्या कड्यावर आहे, दहा मिनिटांत बघून होतो, मुद्दाम जाऊ नका, वाटेत असेल तर थांबा. पोर्तो मोनिजचे लाव्हाच्या खडकातले समुद्राचे तलाव फार सुंदर, लाटा मोठ्या असतील तर बंद ठेवतात. वाळूचा मोठा किनारा हवा असेल तर मदेरा तुमच्यासाठी नाही, त्यासाठी बोटीने पोर्तो सांतोला जावं लागतं, तिथे नऊ किलोमीटरची सोनेरी वाळू आहे.

शेवटी विमानाचं, हे कृपा करून हलक्यात घेऊ नका. विमानतळाची धावपट्टी डोंगर आणि समुद्राच्या मध्ये आहे, काही भाग तर समुद्रावर काँक्रीटच्या खांबांवर उभारलाय, 2000 साली वाढवून 2,781 मीटर केली. इथे उतरायला पायलटना खास ट्रेनिंग लागतं आणि वारा जोरात असला की विमानं घिरट्या घालून पोर्तो सांतो, लिस्बन नाहीतर कॅनरी बेटांकडे वळवतात. त्यामुळे भारतात परतायचं लांबचं विमान लिस्बनहून असेल तर मदेराहून त्याच दिवशी येऊन ते पकडायचा बेत नको, मध्ये एक रात्र लिस्बनला ठेवा, आणि शक्य असेल तर दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या. मदेरा शेंगेनमध्येच (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येतं, भारतीय पासपोर्टवाल्यांना पोर्तुगालचा नेहमीचा शेंगेन व्हिसा चालतो. आई-बाबांकडे इंग्लंडचा व्हिसा होता पण तो इथे चालत नाही, त्यांचा शेंगेन भारतातूनच काढला होता, आणि त्यासाठी विमान व राहायचं बुकिंग आधी दाखवावं लागतं, तेव्हा मोफत रद्द करता येणारी घरंच निवडा, म्हणजे पायऱ्यांचं उत्तर उशिरा आलं तरी बदलता येईल.